हृदयाची गोळी, मेंदूची चौकशी

साठी ओलांडलेल्यांच्या औषधांच्या डब्यात रक्तदाबाची, साखरेची आणि रात्री जेवणानंतर घ्यायची कोलेस्टेरॉलची अशा गोळ्या बहुधा शेजारीशेजारीच असतात. पहिल्या दोघींशी कुणाचं भांडण नसतं. तिसरीबद्दल मात्र दोन अगदी उलट गोष्टी कानावर येतात. एक म्हणजे, मेंदूला चरबी लागते, ही गोळी तीच काढून घेते आणि माणूस विसरभोळा होतो. दुसरी म्हणजे, हीच गोळी घेत राहिलं की म्हातारपणी अल्झायमर होत नाही. व्हॉट्सॲपवर दोन्ही फिरतात, कधीकधी एकाच कुटुंबाच्या ग्रुपवर. गंमत अशी की या निव्वळ वावड्या नाहीत. दोन्हींचा उगम खऱ्याखुऱ्या वैद्यकीय निरीक्षणांत आहे. त्या निरीक्षणांचं पुढे काय झालं, तेवढं मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

या गोळ्यांचं घराणं स्टॅटिनचं. सुरुवात जपानमधली. शेतकरी कुटुंबात वाढलेल्या अकिरा एंडो यांना बुरशीचं लहानपणापासून वेड. सांक्यो कंपनीत काम करताना त्यांनी असा तर्क केला की इतर सूक्ष्मजीवांशी झगडताना एखादी बुरशी त्यांची स्टेरॉल तयार करण्याची वाटच बंद करत असेल. मग १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सुमारे ६००० बुरश्या तपासून काढल्या आणि तांदळावरच्या एका निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना हवं ते सापडलं. हा पदार्थ उंदरांवर चालेना, कोंबड्यांवर चालला. कोंबड्यांचा प्रयोग झाला नसता तर कदाचित तो कपाटातच राहिला असता. त्याच जातीचं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचा निकाल लागला. सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले होते. हृदयविकार झालेल्या माणसाने ही गोळी घ्यावी की नाही, हा वाद तिथेच जवळजवळ मिटला.

मेंदूचा प्रश्न वेगळा आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी पाव हिस्सा त्याच्याकडे. चेतातंतूंवरचं वेष्टण, पेशींची आवरणं, एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणाऱ्या जोडण्या, सगळीकडे ते लागतं. 'मेंदूला चरबी लागते' हे घरगुती वाक्य एवढ्यापुरतं खरंच आहे. पण हे कोलेस्टेरॉल रक्तातून येत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची घट्ट भिंत आहे. तिच्यातून रक्तातलं कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएलचे कण आत जात नाहीत. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो आणि जास्तीचं झालं की त्याचं रूप थोडं बदलून बाहेर सोडतो. म्हणजे लॅबच्या लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएल १६० वरून ७० वर आलं, तर मेंदूतला साठा त्या प्रमाणात घटला असं होत नाही. सिमव्हास्टॅटिनसारखी काही स्टॅटिन चरबीत विरघळतात आणि थोड्या प्रमाणात मेंदूत पोचू शकतात. प्रावास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन पाण्यात विरघळणारी, त्यांना ती वाट अवघड. हा फरक पुढे अनेकांनी तपासला, पण त्यातून ठोस असं फारसं हाती लागलं नाही.

भिंत एवढी भक्कम असताना कोलेस्टेरॉलवर संशय आला कसा? एक धागा खुद्द ॲलॉइस अल्झायमरपासूनचा. १९०६ मध्ये आपल्या रुग्ण बाईच्या मेंदूचं वर्णन करताना त्यांनी गाठी आणि गुंतलेल्या तंतूंबरोबर आधारपेशींमध्ये साचलेल्या चरबीचीही नोंद केली होती. पुढे जवळजवळ शतकभर सगळ्यांचं लक्ष गाठींवर राहिलं, चरबी मागे पडली. मग १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांच्या गटाला आढळलं की म्हातारपणी होणाऱ्या अल्झायमरशी एपीओई नावाच्या जनुकाचा चौथा प्रकार जोडलेला आहे. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचं काम काय, तर कोलेस्टेरॉल वाहून नेणं. वारशाने येणारा अल्झायमरचा सर्वांत मोठा सामान्य धोका चरबीच्या हमालाशी बांधलेला निघाला म्हटल्यावर संशोधकांचे कान टवकारणं साहजिकच होतं.

दुसरा धागा सशांचा. लॅरी स्पार्क्स हे अमेरिकन संशोधक हृदयविकाराने अचानक गेलेल्या माणसांचे मेंदू तपासत होते. ही माणसं विसरभोळी नव्हती, तरी त्यांच्या मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाच्या गाठी दिसल्या. मग त्यांनी सशांना कोलेस्टेरॉलचा खुराक दिला. सशांच्या मेंदूतही अमायलॉइड साचलं. हा निष्कर्ष १९९४ चा. नऊ वर्षांनी याच प्रयोगाने एक चमत्कारिक वळण घेतलं. खुराक तोच, ससे तेच, पण ऊर्ध्वपातित पाणी पिणाऱ्या सशांत गाठी फारशा होत नव्हत्या आणि नळाचं पाणी पिणाऱ्यांत होत होत्या. पाण्यातला संशयित निघाला तांबं, तेही अत्यल्प. नळाच्या पाण्याने माणसांना अल्झायमर होतो असा अर्थ यातून काढायचा नाही (तोही काढून झाला आहे). प्राण्यांच्या प्रयोगातली एखादी गोष्ट पिंजऱ्यातल्या पाण्याच्या बाटलीवरही अवलंबून असू शकते, एवढं यातून घ्यावं.

मग २००० साल उजाडलं. अमेरिकेतल्या तीन रुग्णालयांच्या नोंदींवरून वोलोझिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की विशिष्ट स्टॅटिन घेणाऱ्यांत अल्झायमरचं प्रमाण ६० ते ७३ टक्क्यांनी कमी आहे. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनच्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास आला. त्यातही स्टॅटिन घेणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी. दोन देश, दोन स्वतंत्र गट आणि आकडे जवळपास सारखे. ज्या आजाराला तोवर कुठलंच औषध रोखू शकत नव्हतं, त्याच्यावर मेडिकलच्या दुकानात मिळणारी गोळी सत्तर टक्के गुणकारी! एवढं मोठं यश एवढ्या सहज मिळत असेल तर आधी शंका घ्यावी. पण उत्साहाच्या भरात ती घेतली गेली नाही.

या शंकेचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण आरोग्यविषयक बातम्यांतली निम्मी फसगत याच जागी होते. गोळी नेमाने घेणारा माणूस हा नुसता गोळी घेणारा माणूस नसतो. तो डॉक्टरांकडे जातो, रक्त तपासतो, फिरायला जातो, बहुधा शिकलेला असतो आणि त्याच्याकडे लक्ष देणारं घर असतं. २००९ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या संशोधकांनी सुमारे १ लाख ४० हजार स्टॅटिनधारकांच्या नोंदी तपासल्या. गोळी नियमित घेणाऱ्यांचे मोटार अपघात आणि कामावरचे अपघातही कमी होते. स्टॅटिनने मोटार सांभाळून चालवता येते, असं कुणी म्हणणार नाही. तो गुण गोळीचा नाही, माणसाचा. उलट बाजूनेही हाच घोळ होतो. ज्याचं विसरणं नुकतं सुरू झालंय त्याची दहा औषधं डॉक्टर कमी करतात, किंवा तोच ती घ्यायला विसरतो. मग नोंदीत दिसतं काय? स्टॅटिन न घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश जास्त! पाळी गेलेल्या स्त्रियांच्या हार्मोनच्या गोळ्यांबाबत नेमकं हेच झालं होतं. निरीक्षणांत त्या अल्झायमर टाळतात असं दिसत होतं. पण चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, ६५ च्या पुढच्या ज्या स्त्रियांना एकत्रित हार्मोनच्या गोळ्या दिल्या त्यांच्यात स्मृतिभ्रंश दुपटीने निघाला. हा निकाल २००३ चा.

स्टॅटिनच्या अशा चाचण्याही आल्याच. ब्रिटनमधल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २०,५३६ माणसांना पाच वर्षं सिमव्हास्टॅटिन किंवा तशीच दिसणारी कोरी गोळी दिली. हृदयाला फायदा स्पष्ट होता. स्मृतिभ्रंश झालेले मात्र या गटात ३१ आणि त्या गटातही ३१. संख्याशास्त्रातला निकाल इतक्या उघडपणे क्वचितच बोलतो. प्रॉस्पर चाचणीत ७० ते ८२ वयाचे ५८०४ लोक होते, प्रावास्टॅटिन दिलं होतं, सरासरी तीन वर्षांवर पाठपुरावा झाला. बुद्धीच्या चाचण्यांत फरक नाही. मग ज्यांना अल्झायमर झालेला आहे त्यांना तरी उपयोग होतो का, हे पाहिलं गेलं. स्पार्क्स यांनी स्वतः ६३ रुग्णांवर अटोरव्हास्टॅटिन वापरून २००५ मध्ये थोडा फायदा सांगितला होता. तोच प्रश्न ६४० रुग्णांवर, ८० मिलिग्रॅमच्या तगड्या मात्रेत, ७२ आठवडे तपासला तेव्हा फायदा उरला नाही. सिमव्हास्टॅटिनवरच्या ४०६ रुग्णांच्या चाचणीतही कोलेस्टेरॉल उतरलं, आजार आपल्या गतीने पुढे जात राहिला. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्याने प्रतिबंधाच्या चाचण्या एकत्र करून नि:संदिग्धपणे लिहिलं की उतारवयात सुरू केलेल्या स्टॅटिनने बुद्धीची घसरण किंवा स्मृतिभ्रंश टळत नाही.

आता दुसरी बाजू, गोळीने माणूस विसरभोळा होतो हा आरोप. या आरोपाला चेहरा दिला डुएन ग्रेव्हलाइन यांनी. ते डॉक्टर, एकेकाळी नासाचे निवडलेले अंतराळवीर. स्टॅटिन सुरू केल्यानंतर त्यांना काही तासांपुरता संपूर्ण स्मृतिलोप झाला. नंतर गोळी पुन्हा घेतल्यावर पुन्हा तसंच झालं. त्यांनी या गोळीला स्मृती चोरणारी ठरवत पुस्तक लिहिलं आणि ते जगभर वाचलं गेलं. अशा तक्रारी इतरांच्याही येत होत्या. अखेर २८ फेब्रुवारी २०१२ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्टॅटिनच्या माहितीपत्रकात विसरभोळेपणा आणि गोंधळ यांची नोंद घालायला लावली. तक्रारी सहसा गंभीर नसतात आणि गोळी थांबवल्यावर जातात, हेही त्याच सूचनेत होतं. दुसरं वाक्य फार कमी लोकांनी वाचलं असावं. त्याच सूचनेत रक्तातली साखर वाढण्याबद्दलही इशारा होता. मधुमेहाने गांजलेल्या आपल्या देशात खरं तर त्याची चर्चा जास्त व्हायला हवी होती.

तक्रार खरी आहे की नाही हा प्रश्न नाही. माणसाला जे जाणवतं ते त्याला जाणवतंच. ते गोळीतल्या औषधामुळे जाणवतं का, एवढंच पाहायचं. २०१५ मध्ये ब्रिटनच्या नोंदींवरून असं दिसलं की स्टॅटिन सुरू केल्यापासून पहिल्या महिन्यात स्मृती गेल्याची तक्रार, कोलेस्टेरॉलचं कुठलंच औषध न घेणाऱ्यांच्या तुलनेत, साधारण चौपट होते. ठळक मथळ्याला एवढं पुरेसं होतं. पण त्याच संशोधकांनी आणखी एक तुलना केली होती. कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन नसलेली, अगदी वेगळ्या तऱ्हेने काम करणारी औषधं सुरू करणाऱ्यांतही तक्रारी जवळपास तेवढ्याच वाढल्या होत्या. रसायन वेगळं, तक्रार तीच. याचा सरळ अर्थ असा की नवी गोळी सुरू झाली की माणूस स्वतःकडे बारकाईने पाहू लागतो, डॉक्टरांकडे लवकर जातो आणि एरवी हसण्यावारी नेलेलं विसरणं फाइलमध्ये लिहिलं जातं.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधली २०२० ची एक छोटीशी चाचणी मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. स्टॅटिनचा त्रास होतो म्हणून गोळी सोडलेली ६० माणसं त्यांनी निवडली. प्रत्येकाला बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत अटोरव्हास्टॅटिन, चारांत हुबेहूब तशीच कोरी गोळी आणि चार रिकाम्या. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. रोज त्रास किती झाला ते मोबाइलवर शून्य ते शंभरमध्ये नोंदवायचं. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६ आणि कोऱ्या गोळीच्या महिन्यांतही १५ च्या वर. त्रास होता, पण त्यातला नव्वद टक्के गोळी गिळण्याचा होता, गोळीतल्या औषधाचा नव्हता. स्वतःचेच आकडे पाहिल्यावर यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. यात अंगदुखीपासून थकव्यापर्यंतच्या सगळ्या तक्रारी होत्या, स्मृतीची वेगळी तपासणी नव्हती. पण धडा तिथेही लागू पडतो.

कोलेस्टेरॉल फार खाली गेलं तर मेंदू उपाशी राहील ही भीती पीसीएसके९ हे प्रथिन रोखून कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या इंजेक्शनांमुळे कसाला लागली. त्यांतल्या इव्होलोक्युमॅबने एलडीएल ३० च्या आसपास येतं, काहींचं २५ च्याही खाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एबिंगहाऊस अभ्यासात १२०४ जणांच्या स्मृतीची संगणकावर काटेकोर चाचणी घेतली. कोऱ्या इंजेक्शनवाल्यांच्या तुलनेत फरक नाही, अगदी खालच्या आकड्यांवरही नाही. पाठपुरावा होता दीड वर्षाच्या थोडा वरचा, तेव्हा वीस वर्षांनी काय होईल याचं हे उत्तर नव्हे. पण जन्मापासूनच कमी कोलेस्टेरॉलची जनुकं घेऊन आलेली माणसं आहेत. कोपनहेगनमध्ये १,११,१९४ जणांच्या जनुकांवरून २०१७ मध्येच पाहिलं गेलं. आयुष्यभर कमी एलडीएल असण्याने अल्झायमर वाढत नाही. २०२५ मध्ये ब्रिस्टल आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी दहा लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून आणखी पुढे जाऊन म्हटलं की कमी कोलेस्टेरॉलची अशी जनुकं असलेल्यांत स्मृतिभ्रंश कमीच आढळतो.

मग चाचण्यांत काहीच का दिसलं नाही? माझ्या मते या साऱ्या प्रश्नाची मेख वयात आहे. पूर्व फिनलंडमध्ये मिया किव्हिपेल्टो आणि सहकाऱ्यांनी १४४९ माणसांचा सरासरी २१ वर्षांचा माग काढला. मध्यम वयात कोलेस्टेरॉल चढं असलेल्यांना पुढे अल्झायमर होण्याची शक्यता दुप्पट होती. उत्तर कॅलिफोर्नियात ९८४४ जणांचं चाळिशीतलं रक्त आणि उतारवयातलं निदान ताडून पाहिलं तेव्हा २४० च्या वर कोलेस्टेरॉल असलेल्यांना धोका दीडपटीहून अधिक निघाला. पण सत्तरीनंतर मोजलं तर चित्र उलटं दिसतं. वरचा आकडा असलेले उलट बरे असतात. कारण आजार दिसायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी वजन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही आपोआप उतरू लागतात. म्हातारपणीचं कमी कोलेस्टेरॉल हे आजाराचं कारण नसून बऱ्याचदा त्याची चाहूल असतं. अमायलॉइड साचायला लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरुवात होते. सत्तरीत गोळी देऊन तीन वर्षांनी स्मृती मोजणं म्हणजे पीक करपल्यावर पाणी सोडून उतारा मोजणं झालं. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली. त्यांत मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल पहिल्यांदाच आलं आणि ७ टक्के वाटा घेऊन कमी ऐकू येण्याच्या जोडीने सर्वांत वर बसलं.

हा परिणाम मेंदूतल्या कोलेस्टेरॉलमुळे होतो, असंही नाही. बराचसा तो रक्तवाहिन्यांमधून होत असावा. अमेरिकेतल्या कॅथलिक नन्सच्या प्रसिद्ध अभ्यासात, मृत्यूनंतर मेंदू दान केलेल्यांमध्ये, गाठी सारख्याच असूनही ज्यांच्या खोल भागातल्या बारीक वाहिन्या एक-दोन ठिकाणी बंद पडल्या होत्या त्यांना जिवंतपणी स्मृतिभ्रंश झालेला असण्याची शक्यता कितीतरी पटीने जास्त होती. म्हाताऱ्या मेंदूत अल्झायमर क्वचितच एकटा असतो.

आपल्याकडे पाहिलं तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीच्या पुढच्या ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. संख्येत ८८ लाख. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अल्झायमरचं प्रमाण जगातल्या सर्वांत कमी नोंदींपैकी निघालं होतं आणि एपीओईचा तो चौथा प्रकारही तिथे कमी होता. पण त्या कष्टकरी, सडपातळ माणसांच्या आकड्यांवर आजच्या पुण्या-मुंबईतल्या बैठ्या चाळिशीने विसंबून राहू नये. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो, हे जुनं निरीक्षण आहे. ज्या वाहिन्या हृदयात लवकर खराब होतात त्याच वंशाच्या वाहिन्या मेंदूतही आहेत.

नवे प्रयत्न चालूच आहेत. मेंदूतलं जास्तीचं कोलेस्टेरॉल बाहेर टाकणाऱ्या विकराला एचआयव्हीवरच्या एफाव्हिरेन्झच्या चिमूटभर मात्रेने चालना मिळते का, हे पाहण्यासाठी एक अगदी छोटी चाचणी झाली. ओबिसेट्रापिब या नव्या गोळीने रक्तातलं अल्झायमरशी जोडलेलं एक प्रथिन कमी वाढतं, असं २०२५ मध्ये सांगितलं गेलं. रक्तातलं प्रथिन म्हणजे आजार नव्हे, तेव्हा टाळ्या राखून ठेवाव्यात. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या आणि अमेरिकेत पंचाहत्तरीच्या पुढच्या निरोगी माणसांवर अटोरव्हास्टॅटिनच्या दोन मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या, त्यांत स्मृतिभ्रंशही मोजायचं ठरलं. माझा अंदाज विचाराल तर, उशीर झाल्याचाच पुरावा त्यांतून अधिक मिळेल.

तेव्हा हृदयविकार, अर्धांगवायू किंवा मधुमेह असलेल्याने ही गोळी हृदयासाठी आणि वाहिन्यांसाठी घ्यावी, त्यासाठी पुरावा भक्कम आहे. निव्वळ अल्झायमर टाळायला म्हणून सत्तरीत ती सुरू करण्यात अर्थ नाही. गोळी सुरू केल्यावर विसरायला होतंय असं वाटलं तर स्वतःच्या मनाने ती बंद करू नका. डॉक्टरांना सांगा आणि त्याच भेटीत बी-१२, थायरॉइड, झोप, कान आणि मनाची उदासी यांची विचारपूस करून घ्या. शाकाहारी घरांत तर बी-१२ आधी. वाटल्यास डॉक्टर दुसरं स्टॅटिन देतील किंवा थोडे दिवस थांबवून पाहतील. आणि घरात चाळिशीतला मुलगा, सून, मुलगी, जावई असतील, तर या वर्षी आई-बाबांबरोबर त्यांचंही लिपिड प्रोफाइल करायला लावा.